उथळसरच्या आमच्या बिल्डिंगमधल्या आंटींना, थँक्यू

आंटी, हे तोंडावर बोलायला गेले तर तुम्ही "जा गो, काय पण" म्हणून उडवून लावाल, म्हणून इथे लिहिते.

आई गेल्यावर तिच्या बांगड्या दादाने परस्पर मोडल्या आणि वर मलाच खोटं पाडलं, तेव्हापासून मी कशी धुमसत होते ते तुम्ही बघितलंयत. त्यात टेरेसवर तुमच्या बॉटल मसाल्याच्या मिरच्या पसरताना मी टोमणा पण मारला, की तुम्हा ख्रिश्चनांचं बरंय, चर्चमध्ये कन्फेशनला फादरला पाप सांगितलं की खातं क्लिअर, पुन्हा करायला मोकळे. दुसरं कोणी असतं तर भडकलं असतं. तुम्ही देठं खुडत खुडत म्हणालात, मनापासून पश्चात्ताप नसेल, परत न करायचा निश्चय नसेल तर नुसतं बोलून काही होत नाही गं, माफी देव देतो, फादर त्याच्या नावाने देतात, आणि ऐकलेलं कोर्टात पण सांगू शकत नाहीत. प्रायश्चित्त असतं ते वेगळं, आणि चोरलं असेल तर परत करायचं. तलावपाळीच्या चर्चवरून लहानपणापासून जातेय, ह्यातलं काही माहीत नव्हतं.

मग तुम्ही सांगितलेला तो बायबलमधला जक्कय जकातदार! येशू त्याच्या घरी गेला आणि हा म्हणाला अर्धी मालमत्ता गरिबांना, ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत. (मी लगेच आजच्या भावाने बांगड्यांचा हिशोब केला, खोटं कशाला बोलू.)

पण माझं अडलेलं दुसरीकडेच, दादा कबूलच करत नाही तर मी माफ का करू? तुम्ही सांगितलंत, येशूच्या शिष्याने, पेत्राने विचारलं सात वेळा माफ करायचं का, तर येशू म्हणाला साताच्या सत्तर वेळा, हे मला तेव्हाही जरा अतीच वाटलं, आजही वाटतं. पटलं ते तुमचं पुढचं. बांगड्या माग, वकिलाकडे जायचं तर खुशाल जा, माफ करणं म्हणजे हक्क सोडणं नाही, फक्त त्याचं वाटोळं होवो हे चिंतणं सोड, त्यासाठी दादाच्या कबुलीची वाट बघायला नको.

आता दादाला नोटीस गेलीय, आणि त्याच आठवड्यात भाचीच्या दहावीच्या रिझल्टचे पेढे पण पाठवले मी. नवरा म्हणतो एक काय ते ठरव. त्याला वर तुमच्याकडे पाठवते, जरा समजवा. खरंच खूप थँक्यू आंटी.