घटस्फोटाच्या नक्कलेची मागची बाजू वगळल्याबाबत तक्रार

दिनांक : 21 एप्रिल 2025

प्रति,
मा. व्यवस्थापक,
कागदपत्र सेवा विभाग, पुणे

विषय : कॅनडाच्या स्पॉन्सरशिप अर्जासाठी तयार केलेल्या प्रती व भाषांतरातील गंभीर चुका, घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची कोर्टातून मिळालेली मूळ नक्कल व भरलेली रक्कम परत मिळणेबाबत.

महोदय,

माझे पती कॅनडाचे कायम रहिवासी असून ब्रॅम्प्टनला नोकरी करतात. मी साताऱ्यात राहते. मला तिकडे बोलावून घेण्याचा स्पॉन्सरशिपचा अर्ज करायचा होता आणि त्यासाठी लागणाऱ्या कागदांच्या प्रती, भाषांतर आणि स्कॅनिंग हे सगळे काम मी 18 नोव्हेंबर 2024 रोजी आपल्याकडे सोपवले. त्याच दिवशी 38,000 रुपये भरले. पावती माझ्याकडे आहे. आपण तयार करून पाठवलेल्या फाइली माझ्या पतींनी 20 जानेवारीला कॅनडाच्या इमिग्रेशन विभागाच्या पोर्टलवर चढवल्या. 9 एप्रिलला अर्ज अपूर्ण म्हणून परत आला.

कारण स्पष्ट दिले आहे. माझ्या घटस्फोटाच्या हुकूमनाम्याच्या भाषांतरासोबत भाषांतरकाराचे शपथपत्र नाही आणि ज्या मराठी कागदावरून भाषांतर केले त्याची प्रमाणित छायाप्रत नाही. इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये नसलेल्या प्रत्येक कागदाला ह्या तिन्ही गोष्टी एकत्र लागतात: भाषांतर, शपथपत्र, प्रमाणित छायाप्रत. हा नियम त्या विभागाच्या सूचनापत्रात लिहिलेला आहे. तो कुठे दडवून ठेवलेला नाही आणि काल-परवा आलेलाही नाही. आपल्या फाइलमध्ये प्रमाणित प्रतीच्या जागी साधी झेरॉक्स आहे, आणि तिच्यावर आपल्याच कार्यालयाचा 'ट्रू कॉपी' असा गोल शिक्का. ना नोटरीची सही, ना तारीख, ना मूळ कागदाशी ताडून पाहिल्याचा शेरा. मी तेव्हाच विचारले होते की नोटरी करून आणू का. "आमचा शिक्का चालतो," असे मला काउंटरवर सांगण्यात आले.

एवढेच असते तर मी फोनवर बोलून मिटवले असते. अर्ज परत आल्यावर मात्र मी आणि माझा भाऊ सगळी फाइल काढून बसलो, एकेक पान मूळ कागदांच्या मोबाइलमधल्या फोटोंशी लावत गेलो, आणि रात्री साडेअकराला दादा म्हणाला, "ही तारीख बघ."

माझा घटस्फोट परस्पर संमतीने 9 मार्च 2023 रोजी झाला. हुकूमनाम्यावर तारीख 09/03/2023 अशी आहे. आपल्या भाषांतरकाराने ती 'सप्टेंबर 3, 2023' अशी उतरवली आहे. माझे दुसरे लग्न 25 जून 2023 चे आहे. म्हणजे आपण तयार केलेल्या फाइलप्रमाणे, पहिला नवरा असताना मी दुसरे लग्न केले.

याचा अर्थ काय होतो हे आपल्याला मी सांगायला नको, कारण आपण हेच काम पैसे घेऊन करता. लग्नाच्या वेळी दोघांपैकी एकाचा आधीचा विवाह कायम असेल तर त्या नात्यावर कॅनडात स्पॉन्सरशिप होत नाही. आणि अर्जात खोटी माहिती दिली असे अधिकाऱ्याने ठरवले तर पाच वर्षे दार बंद. शपथपत्र नव्हते म्हणून अर्ज आधीच परत आला आणि बहुधा कोणी त्या तारखेपर्यंत पोहोचलेच नाही. आपली एक चूक आपल्या दुसऱ्या चुकीमुळे झाकली गेली म्हणून मी आज वाचले आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही. ब्रॅम्प्टनला तेव्हा दुपार होती. पतींना फोन करून सांगताना माझा आवाज फुटत नव्हता.

आता मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट सांगते. कोर्टाच्या नक्कल विभागातून मिळालेल्या अस्सलबरहुकूम, म्हणजे मुळाप्रमाणे असल्याची खात्री केलेल्या, नक्कलेच्या शेवटच्या पानामागे शिक्का असतो. अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली, हे सगळे तिथे हाताने लिहिलेले असते आणि खाली सही असते. माझ्या नक्कलेवर अर्जाची तारीख 10 मार्च 2023 आणि दिल्याची तारीख 21 मार्च 2023 आहे. पाडव्याच्या आदल्या दिवशी मी ती स्वतः जाऊन आणली होती, म्हणून पक्के लक्षात आहे. सप्टेंबरमध्ये झालेल्या हुकुमाची नक्कल मार्चमध्ये कोणाला मिळेल? मागची बाजू नुसती पाहिली असती तरी भाषांतरातली चूक तिथल्या तिथे सापडली असती. आपल्या माणसाने मागची बाजू स्कॅनच केली नाही. नऊ पानांच्या नऊ पुढच्या बाजू आहेत, मागचे एकही पान नाही. कोर्टाचा गोल शिक्का ज्या बाजूला आहे तीच बाजू गेली. मग त्या कागदाला नक्कल तरी का म्हणायचे?

घटस्फोटाचा कागद मी कोणाला सहज दाखवत नाही. माझ्या सख्ख्या मावशीनेही तो पाहिलेला नाही. आपल्या काउंटरवर चारचौघांत "मॅडम, डिव्होर्सची फाइल कुठली तुमची?" असे मोठ्याने विचारले गेले, तेही मी गिळले, कारण काम नीट व्हावे एवढीच इच्छा होती. तो कागद मी विश्वासाने दिला. तो वाचलाच गेला नाही.

चॅटच्या पानांबद्दलही लिहिणे भाग आहे. आमचे नाते खरे आहे हे दाखवण्यासाठी संभाषणाची जास्तीत जास्त दहा पाने द्यायची असतात. मी आणि पतींनी मिळून ती दहा पाने निवडली होती, पेनाने खुणा करून दिली होती. त्यात त्यांच्या आईच्या ऑपरेशनच्या वेळचे बोलणे होते, घरभाड्याचा हिशेब होता, मी पासपोर्टवर नाव बदलू की नको ही चर्चा होती. आपल्या फाइलमध्ये भलतीच पाने गेली आहेत. काही पाने अशी आहेत की ती नवरा-बायकोखेरीज कोणी वाचू नयेत. वर ती सगळी मराठीत, भाषांतराशिवाय, म्हणजे अर्जासाठी त्यांचा उपयोग शून्य. ही पाने कोणी आणि कशी निवडली याचे उत्तर मला लेखी हवे आहे.

मी 12 एप्रिलला फोन केला तेव्हा मला सांगण्यात आले की, 'सर्व कागद तपासले, बरोबर आहेत' या फॉर्मवर माझी सही आहे. आहे. ती सही 18 नोव्हेंबरची आहे, मूळ कागद जमा केले त्या दिवशीची. आपल्या भाषांतरावर तारीख 9 डिसेंबर आहे. जे भाषांतर अजून झालेच नव्हते ते मी तपासले असे कसे म्हणता येईल? तयार फाइल मला एकदाही दाखवली नाही. ती थेट पतींच्या ईमेलवर गेली, आणि त्यांनी तुमच्या भरवशावर ती तशीच चढवली.

भाषांतर आपल्याकडून पुन्हा करून घ्यायची माझी तयारी नाही. साताऱ्यातल्या एका जाणकार भाषांतरकाराकडून ते नव्याने करून घेतले आहे, त्यांनी नोटरीसमोर शपथपत्रही केले आहे. दादा इंग्रजीचा शिक्षक आहे, पण नातेवाइकाने केलेले भाषांतर चालत नाही म्हणून बाहेरच्या माणसाला गाठावे लागले. अडले आहे ते प्रमाणित छायाप्रतीपाशी. नोटरी मूळ कागद समोर असल्याशिवाय सही करत नाही, आणि करूही नये. माझी मूळ नक्कल आपल्याकडेच आहे. फोनवर कधी "स्टोअरमध्ये आहे" तर कधी "दुसऱ्या ब्रँचला गेली" असे सांगितले जाते. कोर्टात नवी नक्कल मागता येते, पण तिला किती दिवस लागतील याचा भरवसा नाही. माझ्याकडे तेवढे दिवस नाहीत. माझा पोलीस दाखला 12 नोव्हेंबर 2024 चा आहे आणि अर्ज करताना तो सहा महिन्यांपेक्षा जुना चालत नाही. 12 मे उलटली की पुन्हा 500 रुपये भरा, पुन्हा पासपोर्ट सेवा केंद्र, पुन्हा पोलीस ठाण्यात चौकशी.

म्हणून माझी मागणी अशी आहे. माझी मूळ नक्कल आणि सोबत दिलेले लग्नाचे सहा फोटो 28 एप्रिलपर्यंत माझ्या हातात मिळावेत. कुरिअरने पाठवू नका, दादा येऊन घेऊन जाईल. भरलेले 38,000 रुपये परत करावेत. नवे भाषांतर आणि शपथपत्र यांचा 4,200 रुपयांचा खर्च द्यावा, आणि आपल्या उशिरामुळे पोलीस दाखल्याची मुदत गेली तर नव्या दाखल्याचे शुल्कही द्यावे. माझे चॅट, हुकूमनामा आणि पासपोर्ट यांच्या जेवढ्या स्कॅन प्रती आपल्या संगणकांवर असतील त्या पुसून तसे लेखी कळवावे.

हे झाले नाही तर ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 खाली सेवेतील त्रुटीबद्दल मी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. सेवेसाठी भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही आणि तक्रार घरबसल्या ऑनलाइन दाखल करता येते. पावती, 18 नोव्हेंबरच्या फॉर्मचा फोटो, चुकीचे भाषांतर आणि परत आलेल्या अर्जाचे पत्र मी एकत्र लावून ठेवले आहे. या वेळी प्रत्येक पानाच्या दोन्ही बाजूंसह.

दादा सोमवारी 28 तारखेला सकाळी अकरा वाजता आपल्या कार्यालयात येईल. त्याच्याकडे माझे अधिकारपत्र आणि ओळखपत्राची प्रत असेल. नक्कल बाहेर काढून ठेवावी.

आपली,
(सही)
तक्रारदार ग्राहक, सातारा