आजी येण्याआधी हॉस्पिटलं बघून ठेव

चि. मंदार,
अनेक आशीर्वाद.

आजी दिवाळीनंतर तुझ्याकडे वाकडला राहायला येईल, त्याआधी आसपासची हॉस्पिटलं बघून ठेव. तिचं वय 78, बीपी आणि साखर दोन्ही. अशा माणसाला रात्री-अपरात्री काही झालं की घरचे ऐकीव नावाकडे किंवा चकाचक इमारतीकडे धावतात. तिथे गेल्यावर कळतं, सीटी स्कॅनचा टेक्निशियन घरून यायचाय. कुठलं हॉस्पिटल चांगलं, असं नुसतं विचारू नकोस. कशासाठी आणि किती वाजता, हेही विचार.

पक्षाघातापासून सुरुवात कर, कारण त्यात घड्याळ फार कडक असतं. तोंड वाकडं होणं, एक हात खाली पडणं, बोलणं अडखळणं, अचानक तोल जाणं, यातलं काहीही दिसलं तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. हे तास आपल्या लक्षात आलं तेव्हापासून मोजत नाहीत, आजीला शेवटची धडधाकट पाहिली तेव्हापासून मोजतात. सकाळी उठताना दिसलं, तर रात्री झोपली ती वेळ धरायची. त्यातही आधी सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही हे बघावं लागतं, म्हणून ‘अॅस्पिरिन देऊन ठेवू’ हा शेजाऱ्यांचा सल्ला ऐकू नकोस. पाणीसुद्धा पाजू नकोस, गिळता येत नसेल तर ते फुफ्फुसात जातं. मात्र ग्लुकोमीटरने साखर लगेच बघ. साखर फार उतरली तरी माणूस हुबेहूब पक्षाघात झाल्यासारखा दिसतो. आकडा 70 च्या खाली असेल तर तो रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरला सर्वांत आधी सांग.

हार्ट अटॅकचं वेगळं. साखर असलेल्या म्हाताऱ्या बाईच्या छातीत दुखेलच असं नाही. दम लागतो, घाम फुटतो, मळमळतं, आणि घरचे गॅस समजून सोडा पाजत बसतात. अशा वेळी ईसीजी पोचल्यापासून दहा मिनिटांत निघायला हवा. अटॅक मोठा असेल तर चोवीस तास कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टीची खोली, चालू असलेल्या ठिकाणी, पोचल्यापासून दीड तासात अँजिओप्लास्टी व्हावी. ते जमण्यासारखं नसेल तर जवळच्या लहान हॉस्पिटलात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देऊन पुढे पाठवणंही योग्यच असतं, त्यावरून डॉक्टरांशी वाद घालू नकोस.

तेव्हा चार-पाच हॉस्पिटलांच्या कॅज्युअल्टीला फोन कर, रिसेप्शनला नको. विचार: रात्री दोन वाजता सीटी स्कॅन आणि तो वाचणारा रेडिओलॉजिस्ट मिळेल का? पक्षाघाताचं इंजेक्शन इथेच देता का? कॅथलॅब रविवारीही चालू असते का? आयसीयूत रात्री पूर्णवेळ डॉक्टर हजर असतो, की फोनवर? ‘आणा तर खरं, बघू’ असं उत्तर आलं तर ते नाव खोड. उरलेल्यांपैकी दोन ठरव आणि संध्याकाळी साडेसहाला गाडीने एकदा जाऊन ये. हिंजवडीची गाड्यांची रांग लागली की किलोमीटरला काही अर्थ उरत नाही, मिनिटं मोज.

रुग्णवाहिकेसाठी 108 मोफत आहे आणि त्यात डॉक्टर असतो. पत्ता सांगताना चौक आणि सोसायटीचं गेट सांग. तुमच्या कुठल्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतं, हे वॉचमनला आजच विचारून ठेव. हे कुणी आधी बघत नाही आणि ऐन वेळी माणसाला खुर्चीत बसवून उतरवावं लागतं.

पडून खुब्याचं हाड मोडलं तर मिनिटांची घाई नसते, तिथे निवडायला वेळ मिळतो. पण ऑपरेशन शक्यतो दोन दिवसांत व्हावं. नुसता हाडांचा डॉक्टर पुरत नाही, सोबत फिजिशियन आणि आयसीयू हवं. सर्दी-तापाला मोठं हॉस्पिटल नकोच, चालत जाण्याएवढ्या अंतरावरचा एमबीबीएस किंवा एमडी फॅमिली डॉक्टर शोध. कुत्रं चावलं तर जखम साबणाच्या पाण्याने पंधरा मिनिटं धू आणि औंधचं जिल्हा रुग्णालय किंवा पिंपरीचं वायसीएम गाठ.

आता पैसे. आजीला सत्तरीवरच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंत, पण योजनेतल्या हॉस्पिटलांत आणि ठरलेल्या उपचारांनाच. आधी ठरवलेल्या दोन्ही ठिकाणी ते चालतं का ते विचार. तुझ्या ऑफिसच्या पॉलिसीत तिचं नाव असेल तर खोलीभाड्याची मर्यादा वाच. समज, मर्यादा रोज 5,000 आहे आणि तू 8,000 ची खोली घेतलीस. मग फक्त वरचे 3,000 कापले जात नाहीत. डॉक्टरांची फी 80,000 झाली तर विमा कंपनी त्याच प्रमाणात 50,000 च देते. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांवर ही कात्री लागत नाही. हॉस्पिटल कॅशलेसमध्ये आहे का, हे कंपनीकडूनच खात्री करून घे, काउंटरवरच्या बोर्डावर विसंबू नकोस. नियमाने कॅशलेसची मंजुरी तासाभरात आणि डिस्चार्जची तीन तासांत द्यायला हवी.

जिवावरचा प्रसंग असेल तर डिपॉझिटसाठी दारात अडवून ठेवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच सांगितलंय, आधी प्राण वाचवायचे. धर्मादाय हॉस्पिटलांवर तर गरिबांसाठी दहा टक्के खाटा मोफत आणि दहा टक्के सवलतीत ठेवण्याचं बंधन आहे. तुला नाही, पण तुमच्या स्वयंपाकाच्या मावशींना हे नक्की सांग.

एका ठिकाणाहून दुसरीकडे हलवायची वेळ आली तर ‘तिकडे बेड आहे म्हणे’ यावर निघू नकोस. इथल्या डॉक्टरांनी तिथल्या डॉक्टरांशी बोलून बेड पक्का करायचा, मगच गाडी हलवायची. सीटीची सीडी, ईसीजीच्या प्रती आणि दिलेल्या औषधांची वेळेसह नोंद सोबत घे. नाहीतर तिथे सगळ्या तपासण्या पुन्हा होतात, वेळही जातो आणि पैसेही.

तिच्या गोळ्यांची यादी डोससकट मी फाइलमध्ये लावते आहे. जुना ईसीजीही ठेवलाय, नव्याशी ताडून बघायला डॉक्टर तो मागतातच. त्याचा फोटो तू आणि अमृता दोघांच्या फोनमध्ये असू दे.

तुझी,
आई

ता.क. आजीच्या आधारवर नाव ‘सुशिलाबाई’ आहे आणि रेशनकार्डावर ‘सुशीला’. वय वंदना कार्डाला आधारच लागतं, तरी नाव सारखं असलेलं बरं, म्हणून मी इथे अर्ज दिलाय.