फिस्टुलाआधीची सोनोग्राफी आणि एका ओळीचा अहवाल

माननीय संपादक,
स. न.

मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांविषयी लिहिले जाते ते बहुधा प्रत्यारोपणाविषयी किंवा डायलिसिसच्या यंत्रांविषयी. रुग्णाचे रक्त ज्या वाटेने यंत्रापर्यंत जाते, त्या हातातल्या फिस्टुलाचा उल्लेख क्वचितच होतो. फिस्टुलात रोज सुया घालणारा डायलिसिस तंत्रज्ञ म्हणून त्यासंबंधी एक मुद्दा मांडतो.

फिस्टुला म्हणजे शस्त्रक्रियेने धमनीला जोडलेली शीर. मनगटाजवळची ही जोडणी ब्रेसिया, चिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केली आणि आजही तीच पद्धत चालते. धमनीतल्या रक्ताच्या जोराने शीर काही आठवड्यांत फुगते, तिची भिंत जाड होते आणि मग ती आठवड्यातून तीनदा जाड सुया सोसू शकते. मात्र मुळातच बारीक असलेली किंवा सलाइनच्या जुन्या सुयांमुळे मध्येच बुजलेली शीर फुगत नाही. मग शस्त्रक्रिया वाया जाते आणि तोवर डायलिसिससाठी मानेतल्या शिरेत बसवलेली तात्पुरती नळी, जंतुसंसर्गाच्या टांगत्या तलवारीसह, आणखी काही महिने राहते.

ही शीर आधी पाहता येते. उबदार खोलीत, दंडाला पट्टा बांधून, मनगटापासून काखेपर्यंत सोनोग्राफी केली की शिरेचा व्यास, तिची त्वचेपासूनची खोली आणि तिला फुटणारे फाटे दिसतात. प्रोबने, म्हणजे त्वचेवर फिरवायच्या सोनोग्राफीच्या उपकरणाने, हलके दाबल्यावर शीर मिटली नाही तर आत गुठळी असल्याची शंका येते. मनगटाजवळच्या जोडणीसाठी शीर साधारण अडीच आणि धमनी दोन मिलिमीटरची तरी असावी, असे सामान्यतः मानतात. मधुमेही रुग्णांच्या धमनीत कॅल्शियम साचलेले असले, तर व्यास पुरेसा दिसूनही धमनी पुढे रुंदावत नाही, त्यामुळे तिची भिंतही पाहावी लागते.

माझी तक्रार मात्र तपासणी होत नाही अशी नाही, तिच्या अहवालाविषयी आहे. माझ्या हाती येणाऱ्या कित्येक अहवालांत ‘दोन्ही हातांतील रक्तवाहिन्या सामान्य’ एवढेच वाक्य असते. एकही आकडा नाही, खोली नाही, कोणत्या पातळीवर पाहिले त्याचा उल्लेख नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्याने त्यावरून कोणती शीर निवडायची? दोष केवळ सोनोग्राफी करणाऱ्यांचा नाही, कारण त्यांच्याकडे जाणाऱ्या चिठ्ठीवरही ‘हाताचा डॉपलर’ (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) यापलीकडे काही लिहिलेले नसते. त्यात रुग्णाला डायलिसिस संपल्यावर, अंगातले पाणी नुकतेच काढलेले असताना, गार खोलीत तपासले तर चांगली शीरही आक्रसलेली दिसते.

ही तपासणी सरसकट सर्वांची करावी का, याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. अमेरिकेच्या नॅशनल किडनी फाउंडेशनच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत, फिस्टुला अयशस्वी होण्याचा धोका जास्त असलेल्या रुग्णांपुरती ती करावी, असे सुचवले आहे. मला ते मान्य आहे. पण वृद्ध, मधुमेही, स्थूल आणि आधी नळी बसवलेले रुग्ण वेगळे काढल्यावर आमच्या खुर्च्यांवर उरतात तरी किती?

शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवड्यांनी हात पुन्हा पाहायला हवा. पहिली तपासणी बोटांचीच: थरथर लागते का आणि हात उंच केल्यावर शीर खाली बसते का. शंका आली तर सोनोग्राफी. मिनिटाला ६०० मिलिलिटर प्रवाह, ६ मिलिमीटर व्यास आणि त्वचेखाली ६ मिलिमीटरपेक्षा कमी खोली हा फिस्टुला सुयांसाठी तयार झाल्याचा ढोबळ निकष आमच्या तोंडपाठ असतो. जोडणीलगतच शीर अरुंद झालेली वेळीच सापडली, तर फुग्याने ती रुंद करून फिस्टुला वाचवता येतो. तीन-तीन महिने वाट पाहून मगच विचारणा झाली की तोवर प्रवाह बंद पडलेला असतो. गळपट्टीच्या हाडामागच्या मोठ्या शिरा मात्र सोनोग्राफीत नीट दिसत नाहीत. त्यामुळे पूर्वी तिथे नळी होती आणि आता हात सुजतो, अशा रुग्णासाठी रंगद्रव्य सोडून काढलेली शिरांची चित्रेच लागतात.

माझी सूचना साधी आहे. चिठ्ठीच्या मागे हाताची रेखाकृती छापावी. मनगट, कोपराखालचा भाग, कोपर आणि दंड या चार जागी व्यास आणि खोली लिहायला चौकटी ठेवाव्यात. आणि निवडलेल्या शिरेचा मार्ग न पुसणाऱ्या पेनाने रुग्णाच्या त्वचेवरच आखून द्यावा.

आपला,
एक डायलिसिस तंत्रज्ञ