जोतिबाच्या अंगानं आलेलं चित्र

राजारामपुरी, कोल्हापूर

प्रिय सुहास,

तुझं पत्र परवा मिळालं. "इस्रोत लागल्याशिवाय अवकाशाला हात लागत नाही, आता बँकेच्या परीक्षेचं बघतो," हे वाक्य मी चारदा वाचलं. परीक्षा जरूर दे, तुझ्या घरचं मला माहीत आहे. पण पहिला भाग खरा नाही, भावा.

गेल्या महिन्यात आमच्या गच्चीवर काय झालं ते ऐक. अर्ध्या मीटरच्या दोन ॲल्युमिनियमच्या कांबींची अँटेना, एक एसडीआर डोंगल (लॅपटॉपला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) आणि माझा जुना लॅपटॉप. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून अधूनमधून १४५.८०० मेगाहर्ट्झवर चित्रं पाठवतात, आवाजाच्या रूपात. दोन दिवस नुसती खरखर. तिसऱ्या दिवशी केबल उपसली, तर कनेक्टरला ड्राय सोल्डर, म्हणजे डाग नीट धरलेलाच नाही! ते नीट केलं. संध्याकाळी स्थानक जोतिबाच्या अंगानं वर आलं आणि कागलकडं उतरलं, जेमतेम दहा मिनिटांत. येताना सिग्नल तीन-साडेतीन किलोहर्ट्झ वर, जाताना तेवढाच खाली. हाच डॉपलर परिणाम: जवळ येताना लहरींची वारंवारता चढते, लांब जाताना उतरते. आपण तो रेल्वेच्या शिट्टीवर पाठ केला होता. त्या दिवशी तो पडद्यावर सरकताना दिसला. आणि एकेक ओळ करत चित्र उमटलं. मधले दोन पट्टे गेलेत, तरी आईला हाक मारून दाखवलं.

तू राहतोस त्या पुण्यातल्याच सीओईपी या इंजिनीअरिंग कॉलेजच्या पोरांनी 'स्वयम्' हा छोटा उपग्रह बनवला. वजन साधारण एक किलो. २२ जून २०१६ ला इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३४ रॉकेटनं तो वर नेला. दिशा धरायला त्यात मोटार नव्हती, चुंबक होतं. होकायंत्राच्या सुईसारखं पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राला धरून राहायचं, अशी त्याची रचना. शिवाय आता इस्रो पीएसएलव्हीचा चौथा, म्हणजे शेवटचा टप्पा काम झाल्यावर वाया घालवत नाही, त्यावर प्रयोग बसवते. डिसेंबर २०२४ मध्ये अशा टप्प्यावर २४ उपकरणं होती, त्यांत शिक्षणसंस्थांचीही. तिथंच चवळीचं बी चार दिवसांत रुजलं.

पण मला सगळ्यात जास्त ओढ आहे ती आपल्या डोक्यावरच्या आकाशाची. चुंबकीय विषुववृत्त, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकरेषा जिथं जमिनीला समांतर असतात ती रेषा, केरळातल्या थुंब्याजवळून जातं, म्हणून तर १९६३ मध्ये भारतातलं पहिलं अवकाश-संशोधनाचं रॉकेट तिथून उडालं. सूर्य मावळल्यावर त्या विषुववृत्तावर आयनांबरात (हवेच्या वरच्या विद्युतभारित थरात) विरळ प्लाझ्माचे, म्हणजे विद्युतभारित वायूचे, बुडबुडे उठतात आणि चुंबकरेषांना धरून उत्तरेकडं पसरत आपल्या कोल्हापूरवर येतात. जीपीएसचा सिग्नल त्यांत डळमळतो. अडीचशे किलोमीटरवरचा ऑक्सिजन रात्री ६३० नॅनोमीटरचा मंद लाल उजेड देतो, डोळ्याला न दिसणारा; कॅमेऱ्यात मात्र हे बुडबुडे त्या उजेडात दक्षिणोत्तर काळ्या पट्ट्यांसारखे पूर्वेला सरकताना दिसतात. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेनं असा सगळं आकाश टिपणारा कॅमेरा चालवलाय, पन्हाळ्यावरूनही मोजमापं झालीत. आपण पन्हाळ्यावर झुणका-भाकर खाऊन परत यायचो, वर काय चाललंय याची कल्पना नव्हती!

पावसाळ्यात यातलं काही दिसत नाही, पौर्णिमेलाही नाही. म्हणून अमावस्या धरून ये, हिवाळ्यात. दोन जीपीएस रिसीव्हर लावून सिग्नल कधी डळमळतो ते रात्रभर नोंदवायचं मनात आहे, आणि एकट्याला जागं राहणं जमत नाही. तुझी पुस्तकं घेऊन ये, दिवसा अभ्यास कर.

येताना तपकीर गल्लीतून अँटेनासाठी दहा मीटर कोॲक्स केबल आण. पैसे इथं देतो.

तुझा,
प्रकाश