समोरच्या माणसाचंही घर दाखवा

माननीय संपादक,

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन जवळ आला की रझाकारीवरच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांच्या जुलमावरच्या, कथा-कादंबऱ्यांची चर्चा सुरू होते. मी त्या आवडीनं वाचतो, वर्गात शिकवल्याही आहेत. पण एक गोष्ट फार खटकते. त्यांतला मुसलमान एक तर रझाकार, नाहीतर देवमाणूस चाचा. ज्याला शेत आहे, कर्ज आहे, लेकीच्या लग्नाचा घोर आहे, असा माणूस क्वचितच भेटतो.

आपल्या लिहित्या पोरांनी तोलस्तोयची 'हाजी मुराद' ही कादंबरी वाचावी, असं कळकळीनं वाटतं. तोलस्तोय तरुणपणी स्वतः रशियन फौजेतून कॉकेशसमध्ये लढला. म्हातारपणी तिथल्याच युद्धावर लिहायला बसला, तर थेट शत्रूच्या, चेचेन लोकांच्या गावात शिरला. फौज गाव जाळून गेल्यावर सादो नावाचा गावकरी परत येतो. पोराच्या पाठीत संगीन खुपसलेली. हातानं लावलेली जर्दाळूची झाडं मोडून जाळलेली, मधमाश्यांच्या पेट्यासुद्धा जाळलेल्या. गावचं पाणी मुद्दाम घाण केलेलं. हे सगळं आपल्याच फौजेनं केलं, असं एक रशियन लिहितो!

तोच अवदेयेव या साध्या रशियन शिपायाच्या घरीही जातो. लेकुरवाळ्या भावाच्या जागी हा भरती झालेला. तो मेला, हे आईला कळतं तिनं पाठवलेला रुबल परत येतो तेव्हा. सरकारी खलित्यात मात्र त्या चकमकीत शत्रूची शंभरेक माणसं मेली-जखमी झाली, अशी धडधडीत थाप. कादंबरी तोलस्तोयच्या मागे, १९१२ साली निघाली, रशियात तर सेन्सॉरची कात्री लागून. शत्रूचं घर दाखवलं म्हणून तोलस्तोय कमी रशियन ठरला का? गोगोलच्या 'तारास बुल्बा'त कोसॅकांचा पराक्रम थरारक आहे, पण त्यातलं ज्यूंचं हिणकस चित्रण वाचताना मला लाज वाटते.

रझाकारांनी केलेली गोरटा गावातली कत्तल विसरायची नाहीच. पण पोलीस अ‍ॅक्शननंतर, म्हणजे १९४८ साली भारतीय फौज हैदराबाद संस्थानात शिरल्यानंतर, उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत निरपराध मुसलमानांवर काय गुदरलं, हेही भारत सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं लिहून ठेवलंय. आपल्या कादंबऱ्यांत त्यातलं किती उतरलं?

आमच्या बाजारात मराठी, दखनी, कन्नड सगळं चालतं. १९४८ साली शाळेत असलेली मंडळी आता नव्वदीच्या आसपास आहेत. लिहिणाऱ्यांनी त्यांच्याकडं जावं, दोन्ही मोहल्ल्यांत जावं, आणि लवकर जावं.

– एक निवृत्त मराठी शिक्षक, उदगीर (जि. लातूर)