गल्लीतली आरपार वाट बंद करा

मा. संपादक,

आमच्या गल्लीच्या दोन्ही टोकांना मोठे रस्ते आहेत. सिग्नलला रांग लागली की वाहनं आत वळतात आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडतात. पूर्वी ही वाट माहीतगारांनाच ठाऊक होती. आता मोबाइलवरचा नकाशा अगदी नवख्या माणसालाही दोन मिनिटं वाचवण्यासाठी इकडूनच पाठवतो. यावर उपाय म्हणून गल्लीत आणखी स्पीडब्रेकर मागायचे, असं रहिवाशांच्या बैठकीत ठरलं आणि अर्जावर सह्या घेतल्या जात आहेत. मी सही केलेली नाही. शेजाऱ्यांना वाईट वाटलं, म्हणून माझं म्हणणं सविस्तर मांडते.

सध्याचा स्पीडब्रेकर माझ्या खिडकीखालीच आहे. गाडी आली की आधी ब्रेक करकचतो, मग पुढची चाकं आदळतात, मग मागची. रिकामा टेम्पो असला तर मागचा फाळका खणखणतो, आणि लगेच वेग घेणाऱ्या इंजिनाचा आवाज. दुचाकीवाले तर उंचवटा टाळून कडेच्या फटीतून जातात, म्हणजे नेमकं जिथून लोक चालतात तिथून. वेग कमी होतो तो चार पावलांपुरता. येणारी वाहनं कमी होत नाहीत, आणि आमचा खरा प्रश्न तो आहे.

मी भौतिकशास्त्राची शिक्षिका होते. वेग दुय्यम आहे असं मी म्हणणार नाही. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी 30 ऐवजी 50 किलोमीटर वेगाने येणाऱ्या त्याच गाडीत जवळजवळ पावणेतीन पट ऊर्जा असते, आणि ती धडकेत माणसाच्या अंगावर येते. त्यामुळे वस्तीत 30 ची मर्यादा हवीच. पण 30 च्या वेगाने का होईना, एकामागोमाग एक गाड्या येत राहिल्या तर मूल रस्ता कसा ओलांडणार?

ही वाहनं गल्लीतल्याच लोकांची आहेत, असंही बैठकीत कुणी म्हणालं. म्हणून एका सकाळी मी एका टोकाला आणि शेजारीण दुसऱ्या टोकाला वही घेऊन बसलो. नंबरप्लेटचे शेवटचे आकडे आणि वेळ, एवढंच लिहायचं. नंतर दोन्ही वह्या ताडून पाहिल्या. जो क्रमांक इकडून आत आला आणि दोन-तीन मिनिटांत तिकडून बाहेर पडला, त्याचं गल्लीत काहीच काम नव्हतं. गर्दीच्या वेळी अशीच वाहनं जास्त निघाली. वाहतुकीचा अभ्यास करणारेही हीच पद्धत वापरतात, आणि ती कोणत्याही वस्तीला करता येईल.

वाहनं वाढली की नुसता आवाज आणि धूर वाढत नाही. डोनाल्ड ॲपलयार्ड या संशोधकाने 1969 च्या सुमाराला सॅन फ्रान्सिस्कोतल्या तीन सारख्या रस्त्यांची तुलना केली होती. एकावर दिवसाला सुमारे 2,000 वाहनं, दुसऱ्यावर 8,000, तिसऱ्यावर 16,000. कमी वाहतुकीच्या रस्त्यावर राहणाऱ्या माणसाचे त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते. सर्वांत वर्दळीच्या रस्त्यावर एकही पुरता नाही, 0.9. समोरच्या इमारतीतली माझी मैत्रीण हल्ली फोन करते, रस्ता ओलांडून येत नाही. मधे जेमतेम दहा-बारा पावलांचं अंतर आहे.

आता उपाय. ब्रिटिश सरकारसाठी 1963 मध्ये कॉलिन ब्युकॅनन यांनी जो अहवाल तयार केला, त्यात शहराची तुलना इमारतीशी केली आहे: ये-जा करायला मार्गिका असतात आणि राहायला खोल्या. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचा रस्ता कुणी तिसऱ्याच्या खोलीतून काढत नाही. गल्लीच्या मध्यावर झाडांच्या मोठ्या कुंड्या किंवा खांब असे लावायचे की पायी चालणारा, सायकलवाला, व्हीलचेअरवरचा माणूस आरपार जाईल, पण मोटार नाही. चौकात असेच खांब तिरके लावले की वाहनाला एका बाजूलाच वळावं लागतं. प्रत्येक घरापर्यंत गाडी पोहोचते. फक्त इकडून शिरून तिकडे निघता येत नाही. नकाशालाही मग ही वाट सुचवता येत नाही.

मात्र हे एकट्या आमच्या गल्लीत करू नये, असं मला अगदी मनापासून वाटतं. आम्ही सुटलो तर तीच रांग शेजारच्या गल्लीत जाईल. दोन मोठ्या रस्त्यांमधल्या सगळ्या गल्ल्यांचा आराखडा एकत्र हवा. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनने 1977 मध्ये शहराचा मध्यभाग चार भागांत वाटला आणि मोटारींना एका भागातून थेट दुसऱ्यात जाणं बंद केलं. बाहेरच्या रस्त्याने वळसा घ्यायचा. बेल्जियममधल्या गेंटने 2017 मध्ये तेच सहा भागांत केलं.

मोठ्या रस्त्यावरही घरं आहेत, त्यांनी काय करायचं, हा सवाल मला सर्वांत रास्त वाटतो. सगळी वाहतूक तशीच्या तशी तिकडे जाते असं नाही. रस्त्यावरची मोटारींची जागा कमी केल्याच्या 11 देशांतल्या 70 उदाहरणांचा अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या ठिकाणी, त्या रस्त्यावर आधी येणाऱ्या वाहनांपैकी 11 टक्क्यांहून अधिक वाहनं नंतर आजूबाजूच्या रस्त्यांवरही दिसली नाहीत. काही लोक वेळ बदलतात, काही जवळचं काम चालत करतात. पण ठिकाणोठिकाणी निकाल वेगळा आला, काही ठिकाणी वाहतूक वाढलीही. म्हणून मोठ्या रस्त्यावर बसला मोकळी वाट आणि माणसांना ओलांडायला पुरेसा सिग्नल, हे कुंड्यांच्या बरोबरीनेच यायला हवं, नंतर कधीतरी नाही.

रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाला खांब ठेवण्याआधी विचारावं. किल्लीने निघणारे खांब त्यासाठीच असतात. आज दोन्ही बाजूंना उभ्या गाड्या आणि मधे समोरासमोर अडलेल्या दोन मोटारी, मागे कोण घेणार यावर हुज्जत, अशा वेळी रुग्णवाहिका आलीच तर ती कुठून जाणार?

माझी मागणी एवढीच आहे की, हलवता येतील अशा कुंड्या ठेवून सहा महिने प्रयोग करावा. त्याआधी आणि नंतर, गल्ल्यांत आणि मोठ्या रस्त्यांवरही, मोजणी व्हावी आणि आकडे सगळ्यांसाठी जाहीर व्हावेत. त्या मोजणीत वाहनांबरोबर पायी चालणारे, सायकलवर शाळेत जाणारी मुलं आणि काठी टेकत बाहेर पडणारे वृद्ध यांचीही नोंद घ्यावी, कारण नुसती वाहनं मोजणाऱ्या तक्त्यात ही माणसं कुठेच दिसत नाहीत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका