खटला मिटला, पण दावाही बुडाला

मा. संपादक,
स. न.

अमेरिकेत शिकणाऱ्या मुलांनी पोलिसांशी गाठ पडल्यास काय करावे, हा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. गप्प राहा, वकील मागा, हा सल्ला अगदी बरोबर आहे. पण लेख वकील मिळाल्यावर थांबतो आणि मी पाहिलेली गफलत तिथूनच पुढे होते. न्यूयॉर्कमध्ये एका फौजदारी वकिलाच्या कार्यालयात मी बारा वर्षे मदतनीस होते. त्या अनुभवावरून लिहिते आहे.

आमचा एक अशील, पंचविशीतला मुलगा. रस्त्यावरच्या बाचाबाचीत पोलिसांनी त्याला खाली पाडून बेड्या घातल्या, त्यात मनगटाचे हाड मोडले. आरोप दोन: अटकेला विरोध आणि सार्वजनिक शांततेचा भंग. आमच्या वकिलांनी सरकारी वकिलाशी बोलून पहिला आरोप काढायला लावला आणि दुसरा मुलाने कबूल केला. न्यूयॉर्कच्या कायद्यात शांततेचा भंग हा गुन्ह्यातही धरत नाहीत, तो नुसता नियमभंग. दंड भरला, मुलगा घरी गेला. त्याच्या आईने फोनवर रडत आभार मानले. आम्हालाही आपण चांगले काम केले असेच वाटत होते.

चार महिन्यांनी तो बेकायदा अटकेचा दावा लावायला दुसऱ्या वकिलाकडे गेला. त्यांनी कागद पाहिले आणि सांगितले, अटकेचा भाग विसरा. कबुलीवरून दोषी ठरलात म्हणजे अटकेला सबळ कारण होते, असे न्यायालय धरून चालते. राहिला अवाजवी बळाचा दावा, मोडलेल्या मनगटाचा. तो कबुलीने आपोआप बुडत नाही. पण कबुली देताना न्यायाधीशांनी "काय घडले ते सांगा" म्हटल्यावर मुलाने हात झटकल्याचे आणि अधिकाऱ्याला ढकलल्याचेही सांगून टाकले होते. म्हणजे बळ का वापरले याचे कारण पोलिसांना त्यानेच पुरवले. तेवढे सांगायची गरज नव्हती. आरोपाला पुरेल इतकेच बोल, असे त्याला आधी कोणी बजावलेच नव्हते.

सरकारी अधिकाऱ्याने घटनेतले हक्क पायदळी तुडवले तर भरपाई मागण्याचा मार्ग १८७१ च्या कायद्यातून आला आहे. तो 'कलम १९८३' म्हणून ओळखला जातो (हे साल नव्हे, कलमाचा आकडा). १९९४ च्या हेक विरुद्ध हम्फ्री या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जो दावा जिंकल्याने फौजदारी शिक्षाच खोटी ठरेल, तो ती शिक्षा रद्द झाल्याशिवाय चालणार नाही. याउलट २०२२ च्या थॉम्पसन विरुद्ध क्लार्क या निकालाने एक दार उघडले. सूडबुद्धीने खटला भरल्याचा दावा कलम १९८३ खाली लावणाऱ्याने निर्दोषपणाचा शिक्का दाखवण्याची गरज नाही. खटला दोषसिद्धीविना संपला एवढे पुरे. म्हणजे 'आरोप मागे घेतला' आणि 'किरकोळ कबुली दिली' यांत अशिलाला वाटतो त्यापेक्षा फार मोठा फरक आहे.

मुदतीचा घोळ वेगळाच. फौजदारी खटला संपेपर्यंत थांबू, असे सगळ्यांना वाटते. पण २००७ च्या वॉलेस विरुद्ध केटो या निकालाप्रमाणे बेकायदा अटकेच्या दाव्याचे घड्याळ आरोपी न्यायालयापुढे उभा राहिला की चालू होते, खटला संपेपर्यंत थांबत नाही. कलम १९८३ साठी न्यूयॉर्कमध्ये तीन वर्षे मिळतात, कॅलिफोर्नियात दोन, टेनेसीत एकच. राज्याच्या कायद्याखाली शहरावर दावा करायचा तर न्यूयॉर्कमध्ये ९० दिवसांत नोटीस द्यावी लागते. आमच्या मुलाचे ते दिवस कधीच उलटून गेले होते.

बरे, घाईने नोटीस देऊनही भागत नाही. ती शपथेवर असते आणि खटला चालू असताना तिच्यातले प्रत्येक वाक्य सरकारी वकिलाच्या हाती पडू शकते. नोटिशीनंतर शहराचे वकील शपथेवर जबाब घ्यायला बोलावतात, तिथेही तोच धोका. म्हणून नोटिशीचा मसुदा दिवाणी वकिलाने लिहिला तरी फौजदारी वकिलाच्या नजरेखालून गेला पाहिजे आणि जबाब शक्यतो खटला संपेपर्यंत पुढे ढकलून घेतला पाहिजे. दोन वकील एकमेकांशी बोलले तर हे सहज जमते. बोलत नाहीत, हेच दुखणे आहे.

पुरावा तर पहिल्या आठवड्यातच हातचा जातो. दुकानांच्या कॅमेऱ्यातले चित्रण पुसले जाते, सूज उतरते, खरचटलेले भरून येते. फोटो काढणे, दवाखान्याचे कागद घेणे, चित्रण जपून ठेवा असे लेखी कळवणे याला फौजदारी वकिलाची एक दुपार लागते, आणि बचावालाही त्याचा उपयोगच होतो.

"आमच्या वकीलपत्रात दिवाणी दावा नाही," हे उत्तर मी शेकडो वेळा ऐकले आहे. ते खरेही आहे. तुरुंग टळणे पहिले, भरपाई नंतर, याबद्दलही वाद नाही. ज्याचा व्हिसा पणाला लागला आहे त्याला तर किरकोळ कबुलीचाही दहादा विचार करावा लागतो. कधी सरकारी वकील सरळच म्हणतो, पोलिसांवर दावा करणार नाही असे लिहून द्या, खटला मागे घेतो. असे करार मुळातच अवैध नसतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये न्यूटन विरुद्ध रमरी या प्रकरणात म्हटले आहे. अशिलाने तोही सौदा करावा, हवे तर. पण आपण काय विकतो आहोत, हे सही करण्याआधी त्याला कोणीतरी सांगायला हवे, आणि त्या क्षणी त्याच्याजवळ फौजदारी वकिलाखेरीज दुसरे कोणीच नसते.

त्या मुलाच्या दाव्याचे पुढे काय झाले, ते कळण्याआधीच मी नोकरी सोडली. त्याच्या नव्या वकिलांनी मागितलेली कबुलीची शब्दशः प्रत मात्र न्यायालयातून मीच मागवून दिली होती. दीडच पान होते.

आपली,
एक वाचक, न्यूयॉर्क